चरबीतल्या स्टेम सेल, हृदय आणि रक्तवाहिन्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणाचं पंपिंग कमी झालं किंवा बायपास झाली की कुणीतरी हमखास सांगतं, पोटाच्या चरबीतून स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी, काढून हृदयात सोडतात, हृदय परत पहिल्यासारखं होतं. यात काही खरं आहे, आणि बरंच अजून सिद्ध झालेलं नाहीये. मला हा विषय जवळचा वाटतो कारण यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या भागाबद्दल फारसं कुणी बोलतच नाही, तो म्हणजे या पेशी बाहेर न काढता आपल्या अंगात जे काम करतात ते. गोळ्या-औषधांचे निर्णय मात्र तुमच्या कार्डिऑलॉजिस्टशी बोलूनच घ्या.

चरबीत खरंच स्टेम सेल असतात का?

हो, असतात. २००१ मध्ये लॉस एंजेलिस आणि पिट्सबर्गच्या संशोधकांनी लायपोसक्शनमधून, म्हणजे नळीने चरबी शोषून काढण्याच्या ऑपरेशनमधून, निघालेली चरबी, जी एरवी फेकूनच दिली जायची, ती तपासली आणि त्यातल्या काही पेशींपासून लॅबमध्ये चरबी, हाड, कूर्चा अशा वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनवून दाखवल्या. काढायची पद्धत ऐकायला सोपी आहे, चरबी धुवायची, कोलॅजनेज नावाचं एन्झाइम घालून ती विरघळवायची, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, तेलकट भाग वर तरंगतो आणि तळाशी पेशींचा गोळा बसतो. या गोळ्यात सगळ्याच स्टेम सेल नसतात हे लक्षात ठेवा, त्यात रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी असतात, इम्युनिटीच्या पेशी असतात, सगळं मिसळलेलं असतं. त्यातल्या नेमक्या हव्या त्या पेशी वेगळ्या करून वाढवायच्या तर लॅबमध्ये काही आठवडे जातात.

त्या आपल्या अंगात करतात तरी काय?

चरबीच्या नव्या पेशी बनवतात. ऐकून वाटेल यात काय चांगलं, पण हाच मुद्दा नीट समजून घ्या.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या टीमने २००८ मध्ये दाखवलं की मोठ्या माणसाच्या अंगातल्या चरबीच्या पेशींपैकी दरवर्षी साधारण १० टक्के मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. हे मोजलं कसं तर १९५० आणि ६० च्या दशकात अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत जो कार्बन-१४ पसरला होता तो आपल्या पेशींच्या डीएनएमध्ये आलाय, त्यावरून पेशीचा जन्म साधारण कधीचा ते कळतं. म्हणजे आपली चरबी सतत नव्याने घडत असते, आणि ती घडवतात या स्टेम सेल. त्याच वर्षी उंदरांवरच्या कामात दिसलं की चरबीच्या या मूळ पेशी त्याच चरबीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीलाच चिकटून राहतात, त्यामुळे चरबी आणि रक्तवाहिनी हे दोन वेगळे विषय राहतच नाहीत.

आता खाल्लेली जास्तीची एनर्जी कुठेतरी साठवायची असते. स्टेम सेल तंदुरुस्त असतील तर त्वचेखाली नव्या, छोट्या पेशी तयार होतात आणि फॅट तिथे सुखरूप राहतं. त्या थकल्या असतील, कमी पडल्या, तर जुन्याच पेशी फुगत जातात, त्यांना ऑक्सिजन पुरत नाही, त्या मरायला लागतात, तिथे सूज येते, आणि जास्तीचं फॅट लिव्हरमध्ये, स्नायूंमध्ये, हृदयाभोवती जाऊन बसतं. कणग्या भरल्या की धान्याची पोती चुलीपाशी आणि वाटेत यायला लागतात, तसंच. इन्सुलिन रेझिस्टन्स (इन्सुलिन नीट काम न करणं), बीपी, धमन्यांमध्ये ब्लॉकेज या सगळ्याची वाट इथून जाते.

याचा सगळ्यात ठळक पुरावा लिपोडिस्ट्रॉफी नावाच्या दुर्मीळ आजारात मिळतो. या पेशंटच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच, आणि तरी त्यांना जबरदस्त डायबेटिस, फॅटी लिव्हर, खूप वाढलेले ट्रायग्लिसराइड असतात, कारण फॅट ठेवायला योग्य जागाच नाही.

मग चरबी चांगली की वाईट?

कुठे आहे त्यावर आहे. मांड्या आणि नितंबांवरची चरबी बहुतेक अभ्यासांत हृदयासाठी कमी धोक्याची किंवा उलट संरक्षण देणारी दिसते. पोटाच्या आत आतड्यांभोवती साठते ती त्रासदायक, तिच्यातून सूज वाढवणारी रसायनं थेट लिव्हरकडे जातात. तिसरी म्हणजे हृदयाला आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्यांना चिकटून असलेली एपिकार्डियल चरबी, ती आणि हृदयाचा स्नायू यांच्यामध्ये पडदा नसतो, दोघांचा रक्तपुरवठाही सामायिक असतो, त्यामुळे तिथे काय घडतंय ते स्नायूला लगेच भोगावं लागतं. तंदुरुस्त चरबी ॲडिपोनेक्टिन सोडते जे रक्तवाहिन्यांना मानवतं, बिघडलेली चरबी टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ असली सूज वाढवणारी प्रथिनं सोडते.

मी तर बारीक आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) नॉर्मल आहे. मला काय काळजी?

हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर पुण्यातून आलंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळ.

पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या बाळांवरचं याज्ञिकांच्या टीमचं काम तर त्याहून विचार करायला लावणारं आहे. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो, आणि आपली बाळं इतकी लहान असून त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. म्हणजे ही घडण आईच्या पोटातच सुरू होते. म्हणून आपल्या लोकांसाठी वजनकाट्यापेक्षा टेप जास्त कामाची, पुरुषांचा पोटाचा घेर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बायकांचा ८० च्या वर गेला की डॉक्टर लक्ष द्या म्हणतात, वजन कितीही असो.

रक्तवाहिनीच्या बाहेरची चरबी काही काम करते का?

करते, आणि बरीच वर्षं कुणाला ते माहीतच नव्हतं. लॅबमध्ये उंदराची महाधमनी तपासायला घेतली की भोवतालची चरबी खरडून टाकायची हीच पद्धत होती. १९९१ मध्ये दोन संशोधकांनी ती तशीच ठेवून बघितली आणि दिसलं की चरबीसकट असलेली धमनी नॉरॲड्रेनॅलिन (धमन्या आवळणारं रसायन) दिल्यावर कमी आवळते. म्हणजे ही चरबी धमनीला सैल ठेवायला मदत करते. लठ्ठपणात मात्र हा गुण कमी होतो.

बायपासच्या सर्जनांनाही यातून काहीतरी मिळालं. बायपाससाठी रक्ताची नवी वाट म्हणून पायाची शीर काढताना ती नेहमी साफ सोलून, फुगवून घेतात. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात तीच शीर भोवतालच्या चरबीसकट, कमीत कमी हात लावून काढायला सुरुवात झाली. चीनमधल्या अडीच हजारांहून जास्त पेशंटच्या ट्रायलमध्ये अशा शिरा बंद पडण्याचं प्रमाण कमी दिसलं, पण पायाच्या जखमेचा त्रास जास्त झाला, आणि सगळ्याच ट्रायलमध्ये इतका फायदा दिसलेला नाही. म्हणून तुमच्या सर्जनने नेहमीच्या पद्धतीने शीर काढली तर काही चुकलं असं समजू नका.

अजून एक, ऑक्सफर्डच्या टीमने सीटी अँजिओमध्येच कॉरोनरीभोवतीच्या चरबीचा पोत मोजायची पद्धत काढली. धमनीच्या भिंतीत सूज असेल तर तिथून निघणारे सिग्नल शेजारच्या चरबीतल्या या मूळ पेशींना पक्व होऊ देत नाहीत, त्यामुळे तिथली चरबी कमी तेलकट आणि जास्त पाणीदार होते आणि स्कॅनमध्ये वेगळी दिसते. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात अशा पेशंटमध्ये हृदयविकाराने मृत्यूचा धोका जास्त दिसला. मला हे फार विलक्षण वाटतं, नुसत्या ब्लॉकेजचा टक्का बघण्याऐवजी शेजारच्या स्टेम सेलची अवस्था बघून धमनीची सूज ओळखता येते.

या पेशी धमनीला त्रासही देतात का?

देऊ शकतात. उंदरांच्या प्रयोगांत धमनीला इजा झाल्यावर भोवतालच्या चरबीतल्या स्टेम सेल आत सरकून स्नायूपेशींसारख्या होतात आणि भिंत जाड करायला हातभार लावतात असं दिसलंय. त्यामुळे स्टेम सेल म्हटलं की फक्त चांगलंच होणार असं धरून चालू नये, आजूबाजूचं वातावरण कसंय त्यावर त्या वागतात.

हृदयात सोडल्या तर नवा हृदयाचा स्नायू तयार होतो का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच.

मोठ्या हार्ट अटॅकमध्ये साधारण एक अब्ज स्नायूपेशी मरू शकतात. हृदय स्वतः त्या फार हळू भरून काढतं, मघाशी सांगितलेल्या कार्बन-१४ च्याच पद्धतीने २००९ मध्ये मोजलं गेलं तेव्हा पंचविशीत वर्षाला १ टक्का आणि पंचाहत्तरीत ०.४५ टक्के एवढ्याच पेशी नव्या येतात असं निघालं. चरबीतल्या स्टेम सेल तिथे टोचल्या तर बहुतेक पेशी पहिल्या काही तासांत, दिवसांतच वाहून जातात किंवा मरतात, आणि उरलेल्या धडधडणारा स्नायू बनत नाहीत.

मग प्राण्यांमध्ये फायदा दिसला तो कशाने? त्या सोडतात त्या रसायनांनी. २००४ मध्ये दिसलं की या पेशी व्हीईजीएफ, एचजीएफ असे नव्या केशवाहिन्यांना चालना देणारे घटक सोडतात आणि ऑक्सिजन कमी पडला की व्हीईजीएफ पाचपट वाढतं. शिवाय सूज शांत करतात. पुढे २०२० मध्ये उंदरांवरच्या एका कामात असंही निघालं की हृदयात मेलेल्या पेशी टोचल्या तरी बराचसा तसाच फायदा होतो, कारण त्याने तिथल्या इम्युनिटीच्या पेशी जाग्या होऊन व्रण सुधारतो.

माणसांवर ट्रायल झाल्या का? निकाल काय?

झाल्यात आणि त्या नीट बघितल्या पाहिजेत, कारण जाहिरातीत फक्त पहिलीच सांगतात.

पहिली रॉटरडॅमची, अपोलो नावाची, ताज्या हार्ट अटॅकच्या १४ पेशंटवर, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. पोटाची चरबी काढून लगेच २ कोटी पेशी कॉरोनरीतून दिल्या. सहा महिन्यांत ज्यांना पेशी मिळाल्या त्यांचा व्रण सरासरी ३१.६ टक्क्यांवरून १५.३ टक्क्यांवर आला. आकडा भारी वाटतो ना, पण १४ माणसं, त्यातही तुलनेचा गट फक्त चौघांचा. एवढ्या छोट्या ट्रायलमधून एवढंच ठरतं की करता येतं आणि लगेच काही भयंकर होत नाही. मग प्रिसाइज ट्रायल, २७ पेशंट, तिथेही सुरक्षित वाटलं, थोडी आशा दिसली. अमेरिकेतली अथेना ३१ पेशंटवर अर्ध्यातच थांबली.

कोपनहेगनमध्ये औषधांनी न थांबणाऱ्या अंजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याच्या) ६० पेशंटवर ट्रायल झाली, पेशी लॅबमध्ये वाढवून, व्हीईजीएफ देऊन तयार केलेल्या. पेशी मिळालेल्यांची चालण्याची-सायकलची ताकद वाढली, पण खोटं इंजेक्शन मिळालेल्या गटाच्या तुलनेत फरक ठाम निघाला नाही. म्हणूनच "आमच्या पेशंटना बरं वाटतं" या वाक्यावर विश्वास ठेवू नका, बरं तर खोट्या इंजेक्शननेही वाटतं.

आणि सगळ्यात महत्त्वाची, युरोपातल्या अनेक देशांत मिळून झालेली सायन्स नावाची ट्रायल. हार्ट फेल्युअरचे १३३ पेशंट, निरोगी दात्यांच्या चरबीतल्या, आधीच वाढवून गोठवून ठेवलेल्या १० कोटी पेशी हृदयाच्या स्नायूत टोचल्या. निकाल २०२३ मध्ये आला, सुरक्षित होतं, पण हृदयाचा आकार आणि पंपिंग सुधारलं नाही. ज्यांनी आयुष्यातली इतकी वर्षं यात घातली त्यांनीच हा निकाल जसाच्या तसा छापला, याबद्दल मला त्यांच्याविषयी खूप आदर वाटतो.

माझ्याच अंगातल्या पेशी, मग धोका कसला?

पेशी तुमच्या असल्या तरी जागा बदलली की वागणं बदलतं. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या एका क्लिनिकमध्ये तीन बायकांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या आणि तिघींची नजर जवळजवळ गेली, २०१७ मध्ये हे मेडिकल जर्नलमध्ये आलं. हृदयाच्या बाबतीत पेशींचे गोळे झाले तर बारीक धमनी तुंबू शकते, लॅबची स्वच्छता कमी पडली तर इन्फेक्शन, आणि हृदयात सुई टोचण्याचे धोके ते वेगळेच. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या पेशंटचं लायपोसक्शन हेही साधं काम नाही.

अमेरिकेत अशा पेशींना औषध मानायचं की नाही यावर कोर्टात लांबलचक केस चालली, २०२४ मध्ये अपील कोर्टाने औषध नियामकाच्या बाजूने निकाल दिला, म्हणजे हे औषधच आणि त्याला औषधाचेच नियम.

भारतात हे करून मिळतं का, परवानगी आहे का?

हृदयासाठी मंजूर ट्रीटमेंट म्हणून नाही. आयसीएमआर (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या गाइडलाइन्स स्पष्ट आहेत, रक्ताच्या आजारांसाठीचं बोन मॅरोसारखं ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर ट्रायलमध्येच, बाहेर केला तर ते अनैतिक आणि मालप्रॅक्टिस धरलं जाईल. ट्रायल असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीत ती सापडली पाहिजे आणि ज्याची चाचणी चाललीय ते पेशंटला फुकट मिळायला पाहिजे. कुणी ट्रायल म्हणतंय आणि वर लाखांचं पॅकेजही सांगतंय तर तिथून उठा. लोक शेत विकून, सोनं गहाण ठेवून असे पैसे भरतात हे ऐकलं की जीव तुटतो, म्हणून इतकं ठासून लिहितोय.

पण पायाच्या रक्तवाहिन्यांसाठी भारतात स्टेम सेलचं औषध मंजूर झालंय असं ऐकलं?

बरोबर ऐकलंय, पण ते चरबीतलं नाही. बंगळुरूच्या कंपनीचं स्टेमप्युसेल, दात्यांच्या बोन मॅरोमधल्या पेशींचं, त्याला २०१६ मध्ये बर्जर्स आजारासाठी मर्यादित परवानगी मिळाली. बर्जर्स म्हणजे विडी-सिगारेट-तंबाखूने हातापायाच्या धमन्या बंद होतात तो, बोटं काळी पडतात, कापायची वेळ येते. त्यातही तंबाखू सुटली नाही तर कुठल्याही पेशी पाय वाचवू शकत नाहीत. एका अवयवाची, एका प्रकारच्या पेशींची मंजुरी दुसऱ्याला लावता येत नाही.

लायपोसक्शन करून चरबीच काढून टाकली तर हृदयाला फायदा?

२००४ मध्ये हे करून बघितलंय. १५ लठ्ठ बायकांच्या पोटावरची साधारण १० किलो चरबी काढली, आणि दोन-तीन महिन्यांनी बीपी, शुगर, इन्सुलिन, सूज यातलं काहीच सुधारलं नाही. त्वचेखालची चरबी गेली, आतली तशीच राहिली, आणि उरलेल्या फुगलेल्या पेशी तेवढ्याच फुगलेल्या.

वय आणि डायबेटिसचा या पेशींवर परिणाम होतो का?

खूप होतो. वय, डायबेटिस, लठ्ठपणा यांनी त्या म्हाताऱ्या होतात, विभागणं मंदावतं, नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणं कमी होतं. म्हणजे ज्याला गरज जास्त त्याच्याच पेशी दुबळ्या. म्हणून तर सायन्स ट्रायलमध्ये निरोगी दाते घेतले होते.

स्टेम सेल वाढवणाऱ्या पावडरी, गोळ्या, ज्यूस?

हृदयासाठी यांचा काहीही पुरावा नाही. पैसे वाचवा.

चरबी काढून बँकेत ठेवावी का, पुढे कामी येईल म्हणून?

हृदयासाठी सध्या तरी मी कुणालाही हो म्हणणार नाही. जी ट्रीटमेंट अजून चाललीच नाही तिच्यासाठी दरवर्षी फी कशाला. आणि पुढे कधी चाललीच तरी ती दात्यांच्या तयार पेशींवर, किंवा पेशींनी सोडलेल्या बारीक पुड्यांवर, ज्यांना एक्झोसोम म्हणतात, त्यावर असण्याची शक्यता बरीच आहे, कारण हार्ट अटॅकच्या वेळी चरबी काढून पेशी वाढवायला कुणाकडे आठवडे नसतात.

मग या पेशी अंगातच चांगल्या ठेवायच्या तर काय करायचं?

व्यायाम, आणि हे मी सवयीने सांगत नाहीये. कोपनहेगनमध्ये पोट सुटलेल्या ५० लोकांवर १२ आठवड्यांची ट्रायल झाली, सायकलसारख्या दमवणाऱ्या व्यायामाने हृदयाभोवतीची चरबी ३२ टक्के कमी झाली आणि वजनांच्या व्यायामाने २४ टक्के. तीन महिन्यांत एवढा बदल. पण हार्टचा पेशंट असाल तर आधी स्ट्रेस टेस्ट, आधी डॉक्टर, मगच सुरुवात, आणि जेवल्यावर चालणं हीसुद्धा सुरुवातच आहे.

पोटाचा घेर कमी करा, झोप नीट घ्या, तंबाखू आणि मिसरी बंद. मिसरीचं मुद्दाम लिहिलंय कारण आपल्याकडे बऱ्याच घरी आजी-काकूंची मिसरी तंबाखूत मोजलीच जात नाही. पायोग्लिटाझोन नावाची डायबेटिसची गोळी याच स्टेम सेलना नव्या छोट्या चरबीपेशी बनवायला लावते आणि इन्सुलिनचं काम सुधारते, पण ती अंगात पाणी साठवते म्हणून हार्ट फेल्युअर असलेल्यांना देत नाहीत, तेव्हा वाचून स्वतःहून सुरू करू नका. स्टॅटिन, बीपीच्या, हार्ट फेल्युअरच्या चालू गोळ्या तर अजिबात सोडू नका, त्यांच्यामागे हजारो पेशंटचा पुरावा आहे.

डॉक्टरांनी खरोखरच एखादी ट्रायल सुचवली तर काय विचारायचं?

सीटीआरआय नंबर कुठला, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, पेशी माझ्या की दात्याच्या, किती आणि कुठून देणार, खोटं इंजेक्शन मिळायची शक्यता किती, माझ्या आत्ताच्या गोळ्या चालू राहणार ना, काही झालं तर भरपाई आणि उपचार कोण करणार, आणि मध्येच नको वाटलं तर बाहेर पडता येतं का. याची उत्तरं मराठीत, लेखी मागा, संमतीपत्र तुमच्या भाषेत देणं हे त्यांचं कामच आहे. ते घरी आणा, घरच्यांसोबत वाचा, आणि सही करायच्या आधी तुमचा नेहमीचा कार्डिऑलॉजिस्ट काय म्हणतो ते ऐका.